गच्ची गळते आणि ठेकेदार हात वर करतो? आधी पेन्सिल घ्या

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला, पैसे मोजून वॉटरप्रूफिंग केलेली गच्ची गळायला लागली, की ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं असतं: "ही ओल जुनीच आहे." साताऱ्यात आमच्या घरी हेच झालं. तेव्हा उपयोगी पडलेला मार्ग:

१. छतावर ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. दोन दिवसांनी नवी रेघ, नवी तारीख. प्रत्येक वेळी फोटो. आमच्या माजघरातला ताटलीएवढा डाग आठ दिवसांत परातीएवढा झाला. त्या रेघा पाहिल्यावर ठेकेदाराकडे बोलायला काही उरलं नाही.

२. दोषांची यादी, फोटो, बिलाची प्रत आणि दुरुस्तीसाठी १५ दिवसांची मुदत असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. फोनवरची आश्वासनं पुरावा म्हणून हाती राहत नाहीत.

३. तरी दाद नाही? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. ठेकेदार पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कामाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, आणि वकील हवाच असंही नाही.

फक्त एक सांभाळा: वैतागून दुसऱ्या गवंड्याकडून लगेच डागडुजी करून घेऊ नका. आधी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या, कारण प्लास्टर फोडलं की पुरावाही गेला.