मक्याच्या बियाण्याचा हिशेब : या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी एका बियाणे कंपनीत विक्री प्रतिनिधी म्हणून रुजू झालो, तेव्हा मक्याविषयीचे माझे ज्ञान परीक्षेपुरतेच होते. विदर्भातला कृषी पदवीधर कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा यांच्या सहवासात वाढतो. परंतु नागपूरहून सावनेर आणि सौंसर ओलांडून सुमारे सव्वाशे किलोमीटर गेले की मध्य प्रदेशातले छिंदवाडा लागते, आणि तेथे खरिपात मक्याचा मोठा पेरा असतो. नागपुरात बसून मक्याचे बियाणे विकणे शक्य होते ते या रस्त्यामुळे, आणि माझ्या वाट्याला आला तोही हाच रस्ता.

नव्याने येणाऱ्याने सर्वप्रथम संकरित बियाणे महाग का पडते हे समजून घ्यावे. दर ठरवणाऱ्यांच्या बैठकीत बसण्याची वेळ फार नंतर येते. एकेरी संकरात मादी (जिच्या कणसांतून बियाणे घेतात) आणि नर (ज्याचा फक्त पराग वापरतात) हे दोन्ही अंतःप्रजात वाण असतात. वर्षानुवर्षे स्वपरागीभवन करून ते तयार केलेले असल्यामुळे त्यांची झाडे खुजी व अशक्त असतात आणि कणीसही लहान येते. त्यात चार ओळी मादीच्या आणि दोन ओळी नराच्या अशी लागवड केली, तर एक तृतीयांश जमिनीतून विक्रीयोग्य बियाणे मिळतच नाही. मादी झाडांचे तुरे पराग सुटण्यापूर्वी हाताने उपटावे लागतात आणि हे काम दहा-बारा दिवस रोज सकाळी करावे लागते. मादीच्या झाडांवर स्त्रीकेसर बाहेर येऊ लागल्यावर पराग सोडणारे तुरे एक टक्क्यापेक्षा अधिक आढळले, तर प्रमाणित बियाण्याचा तो प्लॉट नापास होतो. शेजारच्या मक्यापासून किमान २०० मीटर विलगीकरण अंतर राखायचे असल्याने एका शेतकऱ्याला तयार करून भागत नाही. त्याच्या शेजाऱ्यांचीही समजूत काढावी लागते. तिहेरी संकर स्वस्त पडतो, कारण त्यात मादी स्वतःच संकरित असते आणि भरघोस उत्पन्न देते; मात्र शेतात त्याचे पीक एकेरी संकराइतके एकसारखे येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. मक्याला एकरी साधारण ८ किलो बियाणे लागते. समजा, बीजोत्पादनाच्या एका एकरातून स्वच्छ केलेले ८ क्विंटल बियाणे मिळाले, तर तेवढ्यात शंभर एकर पेरता येतात. शिवाय संकरित मक्याचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर जोम घटतो, म्हणून शेतकरी दरवर्षी नवी थैली घेतो. खासगी कंपन्यांना मक्यात एवढा रस का, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

आपल्याकडे विकले जाणारे बरेचसे बियाणे तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात रब्बीत तयार होते, कारण तेथे ओलिताची सोय, काढणीच्या वेळी कोरडी हवा आणि पिढीजात अनुभव असलेले बीजोत्पादक या तिन्ही गोष्टी मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेले बियाणे मार्च-एप्रिलमध्ये निघते. मग कणसे वाळवणे, मळणी, आकारानुसार प्रतवारी, बीजप्रक्रिया आणि उगवण चाचणी हे सारे मे महिन्यापर्यंत आटोपावे लागते. म्हणजे पुढच्या मृगात शेतकरी किती मका पेरील, हा अंदाज आदल्या दिवाळीच्या सुमारास बांधावा लागतो. तेव्हा ना पावसाचा पत्ता असतो ना बाजारभावाचा. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला. पण शेतकरी पेरणीचा निर्णय घेतो तो गेल्या हंगामात मंडीत हाती पडलेल्या भावावरून, आणि तो भाव हमीभावाला धरून असेलच असे नाही.

माझी पहिली चूक याच ठिकाणी झाली. मे अखेरीस मी विक्रेत्यांकडे उद्दिष्टापेक्षा जास्त माल पोहोचवला आणि वरिष्ठांची शाबासकी घेतली. सौंसरच्या एका वयस्क विक्रेत्याने तेव्हाच मला सांगितले होते, "साहेब, गोदामात आला म्हणजे माल खपला असं नसते. थैली फुटली की मग बोला." त्या वर्षी पावसाने ओढ दिली, बऱ्याच शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरले, आणि ऑगस्टमध्ये माझ्या मालापैकी जवळपास एक तृतीयांश माल परत आला.

परत आलेल्या थैलीचा खर्च नवख्याला दिसत नाही, म्हणून तो थोडा उलगडून सांगतो. जाण्यायेण्याचे भाडे, पावसाळ्यातील दमट गोदामात उगवणशक्तीला बसणारा फटका, पुन्हा चाचणी, नवे लेबल आणि तोवर अडकलेले भांडवल हा सगळा भार न परतलेल्या थैल्यांवर पडतो. प्रमाणित बियाण्याची वैधता मुळात ९ महिन्यांची असते. नंतर चाचणीत उगवण ९० टक्क्यांच्या खाली गेली, तर तो माल बियाणे म्हणून विकता येत नाही. त्याला कीटकनाशक-बुरशीनाशक चोळलेले असल्याने धान्य किंवा पशुखाद्य म्हणूनही तो चालत नाही. पेट्रोल आणि हॉटेलच्या बिलांवर काटकसरीची भाषणे करणारे वरिष्ठ या खर्चाविषयी सहसा मौन बाळगतात, हे माझे निरीक्षण.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. १९६६ चा बियाणे अधिनियम आणि १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश मुळातून वाचा. परवाना राज्यनिहाय असतो, त्यामुळे नागपुरातील कागदपत्रांवर छिंदवाड्यात माल उतरवता येत नाही.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याने विक्रीत जायचे असले तरी आधी एखाद्या बीजोत्पादन प्लॉटवर तुरे काढण्याच्या दिवसांत पंधरा दिवस राहावे, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कृषी केंद्राच्या काउंटरमागे बसावे. शेतकरी तेथे एकरी उताऱ्याचे आकडे फारसे विचारत नाही. कणीस शेंड्यापर्यंत भरते का, पाऊस लांबला तर कणसाचे आवरण दाणा झाकते का, लष्करी अळी किती येते, असे त्याचे प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे माहितीपत्रकात नसतात.

दुसऱ्या हंगामापासून मी माझी वही बदलली. डाव्या पानावर पाठवलेल्या थैल्या आणि उजव्या पानावर प्रत्येक विक्रेत्याकडे दर आठ दिवसांनी मोजलेला शिल्लक माल असे लिहू लागलो. दोन्हींतला फरक म्हणजे खरी विक्री, आणि दिवाळीपूर्वी उत्पादन विभागाला मी आता तोच आकडा कळवतो. तो पहिल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा लहान असतो, आणि त्यावरून वरिष्ठांशी दरवर्षी थोडा वाद होतो.