सामाईक सातबाऱ्यावरची नुकसानभरपाई कशी मिळवावी

वादळात बागेची पडलेली झाडं पंचनामा होईपर्यंत तोडू नका. बुंध्यांवर चुन्याने नंबर घाला आणि तारीख-लोकेशन उमटेल असे फोटो काढा. ‘बहात्तर तासांत कळवलं नाही तर गेलं’ असं कोणीतरी सांगेलच. तो नियम पीकविम्यातला. सरकारी मदतीचा रस्ता वेगळा.

पंचनाम्याला तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात. सही करण्याआधी गट नंबर, हिस्सा, पीक, बाधित क्षेत्र आणि टक्केवारी वाचा. नुकसान 33 टक्क्यांहून कमी लिहिलं गेलं तर मदत नाही. झाडं मोजून सांगा: दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या आंब्याची हेक्टरी 100 कलमं धरली, तर 40 कलमांखाली 40 आर (0.40 हेक्टर) क्षेत्र येतं. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत फळबागेला हेक्टरी 22,500 रुपये होते, म्हणजे 40 आरला 9,000. निसर्ग वादळानंतर 2020 मध्ये राज्याने बागांना हेक्टरी 50,000 दिले होते, पण तो त्या वेळचा खास निर्णय होता. दरवेळी तो आकडा मनात धरून बसू नये.

आता जिथे बहुतेकांचं घोडं अडतं ते. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली नऊ मुंबईत, तीन वारलेली. पैसे एकाच्या खात्यावर हवे असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ‘गावात राहतो तोच कसतो, सगळ्यांना माहीत आहे’ हे खरं असलं तरी मदतीची यादी सातबाऱ्यावरून बनते.

संमतीपत्राचा नमुना तलाठ्याकडूनच घ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात हमखास काहीतरी राहतं. गट व हिस्सा नंबर, जमिनीचा खाते क्रमांक, एकूण आणि बाधित क्षेत्र, कोणत्या महिन्यातली आपत्ती आणि रक्कम कोणाच्या नावे, हे सगळं त्यात हवं. नावं सातबाऱ्यावर आहेत तशीच लिहा. तिथे ‘गोविंद’ आणि आधारवर ‘गोविंदा’ असेल तर ते आधीच तलाठ्याच्या कानावर घाला. सोबत सह्या करणाऱ्यांच्या आधारच्या प्रती आणि दोन साक्षीदार.

सह्या अडतात त्या भीतीपोटी. मुंबईकर चुलत्याला वाटतं, कागदावर सही केली की जमीन गेली. म्हणून एक वाक्य ठळक लिहाच: ‘ही संमती फक्त या नुकसानभरपाईच्या रकमेपुरती असून जमिनीतील माझा हक्क कायम आहे.’ हक्कसोडपत्र नोंदणीशिवाय होतच नाही, हेही त्यांना सांगा. आणि पैशातला त्यांचा वाटा द्यायचा असेल तर तो सही मागतानाच ठरवा, नंतर नाही. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा कागद तयार ठेवा. आरतीनंतर सगळे एका पडवीत बसलेले असतात. विसर्जन झालं की पुढची गाठ शिमग्याला.

मयत माणसाच्या नावापुढे कोणीही सही-अंगठा करू नये. पैशासाठी केलेली ती सही उद्या फौजदारी होऊन उभी राहते. वारस नोंद हाच उपाय: मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती देऊन ई-हक्क या सरकारी साइटवर किंवा तलाठ्याकडे अर्ज. फेरफारात (सातबाऱ्यावरची नोंद बदलताना) हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते, त्यामुळे वादळ आल्यावर धावपळ करून हे यादीच्या आधी उरकत नाही. कोरड्या दिवसांत करून ठेवा. बारमाही भांडणं असलेल्या घरात संमतीच्या मागे न लागता वाटपाचा अर्ज करावा. वेळ लागेल, पण दर पावसाळ्याला पाया पडावं लागणार नाही.

यादीत नाव आलं की आपल्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार केंद्रात आधार प्रमाणीकरण करा, पावती जपून ठेवा.

पैसे आले नाहीत तर पासबुक छापत बसू नका. रक्कम जाते ती डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) शेवटी आधार जोडलेल्या बँकेत. अर्जात लिहिलेलं खातं तिथे उपयोगाचं नाही. माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. पुष्कळदा पैसे कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.