पाय लांबवल्यानंतरचे परदेशातले महिने: मुक्काम, व्यायाम आणि परतीचं विमान

परतीचं तिकीट काढण्याआधी एक साधं गणित मांडा. पाय लांबवायच्या शस्त्रक्रियेत हाड कापून त्याची दोन टोकं हळूहळू एकमेकांपासून दूर नेतात आणि मधल्या फटीत नवीन हाड भरतं. हाड कापल्यावर लगेच ताणत नाहीत. पाच ते सात दिवस, कधी दहा, तसेच जाऊ देतात. मग मांडीचं हाड साधारण रोज १ मिलिमीटरने लांबवतात. नडगीचं बहुतेकदा त्याहून हळू, ०.७५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ५ सेंटिमीटर हवे असतील तर मांडीला सुमारे ५७ दिवस आणि नडगीला ७४. मध्ये नस दुखावली किंवा सांधा आखडला तर वेग कमी करावा लागतो, त्यासाठी वर आणखी दोन-तीन आठवडे धरा. नव्वद दिवसांचा व्हिसा नडगीसाठी किती तोकडा पडतो ते यातच दिसतं. व्हिसा कसा वाढवता येतो, त्याला डॉक्टरांचं कुठलं पत्र लागतं, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. आमचं स्पष्ट मत आहे: लांबवणं पूर्ण होऊन शेवटचा एक्स-रे होईपर्यंत शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या गावातून हलू नये. अर्ध्यावर घरी जाऊन 'उरलेले मिलिमीटर तिकडे करू' हा बेत सगळ्यांत महागात पडतो, कारण दुसऱ्याने सुरू केलेलं काम अर्ध्यावर हातात घ्यायला सर्जन सहसा तयार नसतात.

खोली घेताना फोटोंवर जाऊ नका. घरमालकाकडून टेप लावून मोजलेला व्हिडिओ मागवा. व्हीलचेअरला ६० ते ७० सेंटिमीटर रुंदी लागते, आणि ती वळवायलाही जागा लागते. हमखास अडतं ते बाथरूमच्या दारात. बाहेरून रिंगचा फिक्सेटर (पिनांनी हाडाला जोडलेला सांगाडा) बसवणार असतील तर पायाची जाडीच वाढते, तेव्हा कमोड आणि भिंत यांतलं अंतरही मोजा. उंबरठा, शॉवरची पायरी, लिफ्ट बंद पडली तर दुसरी वाट आहे का, हेही विचारा. उंच कमोड सीट, आंघोळीला बसायचं स्टूल, वॉकर आणि कुबड्या आधीच आणून ठेवा. गालिचे आणि सुट्या वायरी पहिल्याच दिवशी उचला. या काळात पडणं म्हणजे हाडाच्या आत बसवलेला धातूचा खिळा वाकणं किंवा नवीन हाड मोडणं. पहिले दोन-तीन आठवडे सोबतीला माणूस हवंच.

लांबवण्याचं काम दिवसात हप्त्याहप्त्याने होतं, दर खेपेला पाव मिलिमीटर: १ मिलिमीटरला चार हप्ते, ०.७५ ला तीन. फिक्सेटर असेल तर चार हप्त्यांना सहा, बारा, सहा, बारा अशा वेळा बांधून घ्या आणि प्रत्येक वेळी वहीत खूण करा. कुठला नट, कुठल्या दिशेने, किती फिरवायचा हे रुग्णालयातच स्वतःच्या हाताने करून दाखवा आणि मगच घरी या. चुंबकावर चालणारा आतला खिळा असेल तर त्याचं बाहेरचं यंत्र पायावर नेमक्या जागी ठेवावं लागतं. कातडीवर पेनाने केलेली खूण आंघोळीत पुसट होते, ती रोज गडद करा. या यंत्रातलं चुंबक जोरदार असतं. मोबाइल, घड्याळ, बँकेची कार्डं लांब ठेवा, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ येऊ नये. एखादा हप्ता चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट करू नका, फोन करून विचारा. स्वतःच्या मनाने थांबूही नका. जास्त दिवस थांबलं की हाड मध्येच जुळतं आणि पुन्हा कापावं लागतं. घाईने ताणलं तर फटीत हाड भरतच नाही. दर एक-दोन आठवड्यांनी एक्स-रे काढतात तो याचसाठी.

आता व्यायामाकडे या, कारण हाड निमूटपणे लांबतं. अडून बसतात ते स्नायू. नडगी लांबवताना पोटरी आखडते आणि टाच वर उचलली जाते. मांडी लांबवताना गुडघा वाकेनासा होतो आणि खुबा पुढे ओढला जातो. फिजिओथेरपी आठवड्यातून पाच दिवस धरा, आणि घरी दिवसातून चार-पाच वेळा ताण द्या. नडगीसाठी: पाय सरळ ठेवून बसा, चवड्याला टॉवेल अडकवून स्वतःकडे ओढा, ३० सेकंद धरा, असं दहा वेळा. गुडघा वाकवून केलात तर पोटरीचा मोठा स्नायू ताणलाच जात नाही आणि मेहनत फुकट जाते. रात्री पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट लावा. मांडीसाठी: रोज दोनदा वीस मिनिटं पालथं झोपा.

एक सवय मात्र आज मोडा. दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. आराम वाटतो, पण गुडघा त्याच वाकात अडकतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. रोज सकाळी गुंडाळलेल्या टॉवेलवर टाच ठेवून गुडघा सैल सोडा आणि सरळ होतो का बघा. काल होत होता आणि आज होत नसेल तर आजच फिजिओथेरपिस्टला सांगा.

पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे बधिरपणा आला, किंवा अंगठा वर उचलता येईना, तर नस ताणली जातेय. गुडघा थोडा वाकवून ठेवा आणि पुढचा हप्ता फिरवण्याआधी सर्जनला फोन करा. नुसत्या मुंग्या दोन दिवस अंगावर काढल्या तर नंतर पाऊल लोंबकळू शकतं.

फिक्सेटरच्या पिनांची निगा: हात धुवा, प्रत्येक पिनेला वेगळं गॉज घ्या, सांगितलेल्या द्रावणाने पिनेपासून बाहेरच्या दिशेने पुसा. थोडा पाणीदार स्राव चालतो. लाली पसरली, पू आला किंवा पाय टेकवताना पिनेशी दुखू लागलं तर संसर्ग समजा.

खाण्यात प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा. व्हिटॅमिन डी शस्त्रक्रियेआधीच तपासून घ्या. सिगारेट आणि निकोटीनच्या गोळ्या-पॅचही बंद, निकोटीनने हाड भरायला उशीर होतो. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्या हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात. अफूवर्गातल्या वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो, त्यावरचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं आलं तर रक्ताची गुठळी समजून त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ ॲम्ब्युलन्स बोलवा. त्या देशाचा तातडीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

विमानाचं ठरवताना गुठळीचाच धोका आधी विचारा: गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं इंजेक्शन किती दिवस चालू ठेवायचं, प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायचं. व्हीलचेअर आणि विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म तिकिटाबरोबरच मागा. इंजेक्शनं आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत. कडक वेदनाशामकं काही देशांत बंदी असलेली असतात, तेव्हा ज्या देशात उतरणार त्याचे नियम आधी बघा. अंगातल्या धातूविषयी डॉक्टरांचं पत्रही सोबत असू द्या.

घरी पोचलात म्हणजे हाड भरलं असं नाही. शस्त्रक्रियेपासून दर सेंटिमीटरला एक ते दीड महिना धरा, ५ सेंटिमीटरला पाच ते आठ महिने. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत मिळून नवीन हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांपैकी किमान तीन जुळल्याशिवाय सहसा पूर्ण भार देत नाहीत, तोवर कुबड्या सोडू नका. सगळे एक्स-रे मूळ फाइलमध्ये, ऑपरेशनचा अहवाल आणि खिळ्याचा मॉडेल-क्रमांक असलेला स्टिकर जपून ठेवा. चुंबकाचा खिळा अंगात असताना एमआरआय करता येत नाही, हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा. वर्ष-दोन वर्षांनी तो काढायची वेळ आली की काढणाऱ्या सर्जनला नेमकी कोणती हत्यारं मागवायची, ते त्या स्टिकरवरूनच कळतं.