इंकजेट छायाचित्रांवर संरक्षक स्प्रे मारताना

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांचे छायाचित्र इंकजेट प्रिंटरवर छापून भिंतीवर लावायचे असेल, तर त्यावर अ‍ॅक्रिलिक संरक्षक स्प्रेचा थर अवश्य द्यावा. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची शाई) आणि सच्छिद्र थराचा फोटो पेपर वापरला असेल तर विशेषच, कारण त्या सूक्ष्म छिद्रांतून हवेतील ओझोन शाईपर्यंत पोहोचतो आणि रंग फिके पडतात. छापलेले चित्र आधी किमान २४ तास सुकू द्यावे. सोलापुरात खरी काळजी घ्यावी लागते ती हवेची: एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे गेला की फवाऱ्याचे थेंब कागदावर पडण्याआधीच सुकू लागतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, तर पावसाळ्यातील दमट हवेत थरावर पांढुरकी झाक येऊ शकते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, धूळ नसलेल्या मोकळ्या हवेशीर जागी, स्प्रेतील सॉल्व्हंटच्या (द्रावकाच्या) वाफा रोखणारा मास्क लावूनच करावे. डबा नीट हलवून, साधारण २५ सेंटिमीटरवरून, चित्राच्या कडेबाहेर फवारा सुरू करून दोन-तीन पातळ थर द्यावेत. एकच जाड थर देऊ नये. त्याचे ओघळ पुसता येत नाहीत. टाकाऊ प्रिंटवर आधी चाचणी घ्यावी. थर दिलेले चित्रही थेट उन्हात लावू नये.