मामांच्या प्रिंटचं बटण परत आणलं

नाशिकच्या भांडी बाजारात आमच्या मामांचं दुकान आहे. बिलं, उधारी, सगळं लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये. परवा फोन आला, "अरे भाच्या, माझं प्रिंटचं बटण कुठं गेलं? फाइल, एडिट काहीच दिसत नाही!"

जाऊन पाहिलं तर मावसभावाने हौसेनं 'टॅब्ड' मांडणी लावून ठेवलेली, म्हणजे बटणं वरच्या टॅबांमध्ये गटागटानं दिसतात ती. त्यात मेनूची ओळच लपते. दिसायला झकास, पण मामांचा हात बारा वर्षं जुन्या जागी जायचा; त्यात लग्नसराई, गिऱ्हाईक काउंटरवर उभं.

डाव्या कोपऱ्यातल्या बारीकशा चिन्हावर क्लिक केल्यावर मेनू आला. मग व्ह्यू, त्यात यूझर इंटरफेस, तिथं 'स्टँडर्ड टूलबार', म्हणजे जुनी मांडणी, निवडली. फक्त कॅल्कला लावायचं की सगळ्यांना, तेही विचारतं. मी फक्त कॅल्कला लावलं. मावसभावाचं रायटर (लिखाणाचा प्रोग्राम) टॅब्डच राहिलं, भांडण मिटलं.

टॅब्ड मांडणी २०१९ च्या ६.२ आवृत्तीपासून रीतसर आली, पण जुनी काढून टाकली नाही, हे मला फार आवडतं. नवं घ्या नाहीतर चालते व्हा, असं नाही.

मामांनी लगेच एक बिल छापून पाहिलं. "हां, आता कसं!"