डोलकाठी आडवी आहे तोवर

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर आणि डोलकाठी लाकडी घोड्यांवर आडवी असते, तेव्हाच वरच्या दिव्यांचं काम उरकून घ्यावं. ऑक्टोबरात होडी मुंबई बंदराच्या पाण्यात गेली की हेच काम दहा मीटर उंचीवर, दोराला लटकून, एका हाताने करावं लागतं. त्यात मांडव्याची बोट शेजारून गेली की वरचं टोक कसं झुलतं, ते ज्याने भोगलंय तो पुढच्या वर्षी मे महिन्यातच यादी करायला बसतो. ही यादी पंचवीस फुटी होडीच्या हिशेबाने केलेली आहे.

आधी दिवे कोणते हवेत ते ठरवा, दुकानात नंतर जा. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे (कोलरेग) 20 मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला डावीकडचा लाल, उजवीकडचा हिरवा आणि मागचा पांढरा एकाच तिरंगी दिव्यात, डोलकाठीच्या टोकाशी लावता येतो. मात्र तो फक्त शिडावर चालताना. इंजिनवर चालू लागलात की, शीड वर असलं तरी, तुम्ही मोटरबोट. मग तिरंगी बंद, खालचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा चालू, शिवाय डोलकाठीच्या मध्याच्या थोडं वर समोर 225 अंशांत दिसणारा पांढरा दिवा. तो लाल-हिरव्यापेक्षा किमान एक मीटर उंच हवा. होडी 7 मीटरच्या वर आहे, म्हणजे नांगरावर असताना चहूबाजूंनी दिसणारा पांढराही लागणारच. तेव्हा स्विच वेगवेगळे ठेवा आणि त्यांवर नावं लिहा. माझं मत विचाराल तर तिरंगी दिवा खुल्या समुद्रासाठी. बंदरात लहान होड्यांवरचे लोक पाण्यालगत बघतात, आणि एवढ्या उंचीवरचा एकटा ठिपका शहराच्या दिव्यांत हरवतो. तिथे मी शिडावर असतानाही खालचेच लावतो.

दिवा घेताना तो किती मैलांवरून दिसतो हे त्यावर लिहिलेलं बघा. 12 मीटरखालच्या होडीला पांढऱ्यासाठी दोन सागरी मैल आणि लाल-हिरव्यासाठी एक मैल लागतो. जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब बसवायचा मोह टाळा. काच त्या बल्बसाठी घडवलेली नसते, त्यामुळे रंगही बदलतो आणि कोनही.

आता वायर. 25 वॅटचा जुना बल्ब 12 व्होल्टवर दोन अँपिअरच्या थोडा वर ओढायचा. बॅटरीपासून टोकापर्यंत 12 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 24. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत एवढ्या अंतरात जवळपास 0.6 व्होल्ट, म्हणजे पाच टक्के वाटेतच जायचे. अडीच वॅटच्या एलईडीला तीच तार पुरून उरते. तरीही त्याहून बारीक तार घेऊ नका, कारण ती आतल्या आत हलून-हलून तुटते. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. घरच्या वायरिंगमधली उरलेली गुंडाळी दोन पावसाळ्यांत आतून काळी पडते.

जुनी तार ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला नवी तार आणि जोडीला एक मजबूत सुतळी बांधा. सुतळी आतच राहू द्या, पुढच्या वेळी दुवा द्याल. मी एकदा घाईत नुसतीच तार उपसली आणि मग अर्धा दिवस डोलकाठीच्या पोकळीत सळी घालत बसलो. तारेवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर तीन-तीन प्लास्टिकचे पट्टे, शेपट्या न कापता, आवळा. नाहीतर रात्री नांगरावर ती आत खडखडत राहते आणि कुणाचा डोळा लागत नाही. टोकाशी तारेला वेगळा आधार द्या, तिचं वजन दिव्याच्या जोडावर नको.

दिवे जातात ते बहुधा जोडांपाशी. गेल्या हंगामात माझा नवा कोरा दिवा लागेना, म्हणून दिव्यालाच शिव्या घातल्या. निघालं काय, तर डोलकाठीच्या पायथ्याचा जोड, हिरवा पिठूळ झालेला. तेव्हापासून दाबून बसवलेले जोड, त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी, आणि जोडाच्या आधी तारेला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. स्टीलचे स्क्रू डोलकाठीच्या ॲल्युमिनियममध्ये घट्ट होऊन बसू नयेत म्हणून गंजरोधक पेस्टची ट्यूबही सामानात टाका.

व्हीएचएफचा, म्हणजे होडीवरच्या बोलायच्या रेडिओचा, अँटेना शेजारीच असेल तर दिवा लावून आणि विझवून रेडिओ ऐका. काही एलईडींची वीजजुळणी चॅनल 16 वर, म्हणजे मदतीच्या हाकेच्या चॅनलवर, खरखर करते. अमेरिकी तटरक्षक दलाने 2018 मध्ये याबद्दल इशाराही दिला होता. खरखर आली तर दिवा दुकानात परत.

शेवटी, डोलकाठी उभी करायला क्रेन येण्याआधी संध्याकाळी बॅटरी जोडून सगळे स्विच एकेक करून लावा. डोलकाठी आडवी असताना तिची पुढची बाजू कोणती हे हमखास चुकतं. शिडाची खाच असते ती मागची बाजू. खाच आपल्याकडे ठेवून, पायथ्याकडून टोकाकडे बघत, लाल डावीकडे आहे ना ते पाहा.