पुरातत्त्वीय सर्वेक्षण: या चुका टाळा

चर खणला आणि हाती काहीच लागलं नाही, की पहिला दोष यंत्राला दिला जातो. बहुतेक वेळा यंत्राने बरोबरच मोजलेलं असतं. चुकलेली असते ती आपली जागा, वेळ किंवा वाचन.

सगळ्यात महाग पडते निर्देशांकांची चूक. जुना नकाशा एका डेटमवर (म्हणजे निर्देशांक मोजण्याच्या मूळ आधारावर), जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटमवर, आणि दोन्ही न रूपांतरता एकावर एक टाकले की भिंत कधी शेकडो मीटर सरकते. एवढी सरकली तर निदान डोळ्यांना खुपते. पाच-दहा मीटरचा फरक मात्र खपून जातो, म्हणून तोच जास्त घातक. उंचीचंही तसंच. जीपीएसची मूळ उंची लंबवर्तुळाभापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि दोन्हींतला फरक काही ठिकाणी १०० मीटरच्या घरात जातो. डेटम, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची रीत) आणि उंचीचा प्रकार प्रत्येक फाइलसोबत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात येणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

टोटल स्टेशनवर, म्हणजे तिपाईवरून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावर, चूक किती आहे यावरून ती कुठे आहे ते कळतं. सगळ्या उंचींत नेमका १० सेंटीमीटरचा फरक? प्रिझमचा (यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या काचेचा) दांडा कोणीतरी वाढवला आणि नोंद तशीच राहिली. अंतरात सारखा ३० मिलिमीटरचा फरक? प्रिझमचा स्थिरांक, म्हणजे त्या प्रिझमसाठी अंतरात करायची ठरलेली दुरुस्ती, तपासा. फरक दिवसभर हळूहळू वाढत गेला, तर तिपाईचा पाय मऊ मातीत खचतोय. म्हणून बॅकसाइट, म्हणजे ज्ञात बिंदूवरचं तपासणीचं वाचन, फक्त सकाळी घेऊन भागत नाही. जेवणानंतर आणि आवरतानाही घ्या.

मॅग्नेटोमीटर (जमिनीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक मोजणारं यंत्र) घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पट्ट्याचं बक्कल किंवा बुटातली खिळ राहतेच. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असतं आणि बुजलेल्या चराची खूण त्यात अनेकदा अवघी काही नॅनोटेस्लांची. एकच ओळ जाताना आणि येताना मोजून पाहा; दोन वाचनं जुळली नाहीत तर आधी खिसे तपासा. चित्रात रेषांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसल्या, तर चालण्याचा वेग एकसारखा नव्हता.

जीपीआरबद्दल, म्हणजे जमिनीत रेडिओ तरंग सोडणाऱ्या रडारबद्दल, थोडं सविस्तर, कारण इथे फसगत सर्रास होते. हे यंत्र खोली मोजत नाही, वेळ मोजतं: तरंग खाली जाऊन परत यायला किती नॅनोसेकंद लागले तेवढं. कोरड्या वाळूत तरंगाचा वेग नॅनोसेकंदाला सुमारे ०.१५ मीटर, ओल्या मातीत ०.०६ च्या आसपास. म्हणजे २० नॅनोसेकंदांची तीच खूण एका ठिकाणी दीड मीटर खोल, तर दुसऱ्या ठिकाणी ६० सेंटीमीटरवर. यंत्रात आधीच भरलेल्या वेगावर विसंबू नका. चित्रातल्या अपास्तांच्या (पुरलेल्या वस्तूमुळे उमटणाऱ्या कमानीसारख्या रेषांच्या) वक्रतेवरून किंवा ज्ञात खोलीच्या एखाद्या वस्तूवरून वेग काढा. चिकणमातीत तर तरंग वरच्या वर जिरतो. तिथे कोरं चित्र आलं म्हणून खाली काही नाही असं लिहू नका. विद्युतरोध पद्धतीने, म्हणजे माती विजेला किती अडवते ते मोजून, पुन्हा पाहा.

लायडारच्या, म्हणजे लेझरने बिंदूबिंदूने मोजलेल्या जमिनीच्या, चित्रात संगणकावर प्रकाश एकाच दिशेने टाकला की त्याला समांतर बांध दिसेनासे होतात. दिशा बदलून पाहा. झाडी गाळताना संगणक बुटक्या भिंतीही गाळतो, त्यामुळे मूळ बिंदू जपून ठेवा.

हवाई छायाचित्रांत ऋतूच सगळं ठरवतो. बुजलेल्या चरावरचं पीक ओल टिकल्याने उंच आणि हिरवं राहतं, भिंतीवरचं लवकर पिवळं पडतं. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजजवळ ड्रोनला एक मोठं प्राचीन वर्तुळ दिसलं. जमीन ओलसर असती तर ते दिसलं नसतं. शेती पसरण्याआधीची जमीन पाहायची असेल तर १९६० ते १९७२ दरम्यानची अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं आता खुली आहेत, ती काढा.

आणि खणण्याआधी खुणेच्या आत एक आणि बाहेर एक, असं हाताच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) माती काढून पाहा. रिकाम्या निघालेल्या चौकोनांची नोंदही माती आणि ओलीसकट अहवालात ठेवा.